भरती

माझा धंदा चेहऱ्यांचा. देवगड स्टँडसमोर
आठ बाय दहाची खोली, पांढरा पडदा, दोन छत्र्या.
हनुवटी जरा खाली. खांदे सरळ.
कान दिसले पाहिजेत.
दहा मिनिटांत आठ कॉप्या, वर पाकीट फुकट.
शनिवार-रविवारी कोल्हापूरची जोडपी येतात,
त्यांना कुणकेश्वराच्या पुळणीवर पळवायचं,
सूर्य तळहातावर ठेवायला लावायचा.
ओढणी उडवायला माझा भाचा,
दीडशे रुपये रोज.

हर्षली कोयंडे आली ती मंगळवारी, भर दुपारी.
पायांत धावायचे बूट, लेस सुटलेली.
शटरपाशीच उभी राहून म्हणाली,
फोटो काढूचो आसा. हंय नाय, भायर.
आणि हसाक सांगू नको माका.

ओरोसच्या मैदानावर आठशे मीटरला
तिचे दोन सेकंद राहिले होते.
कुठे राहिले ते तिलाही माहीत नाही.
वळणावर, की सुटतानाच,
की आदल्या रात्री मावशीकडे झोप लागली नाही तिथं.
सगळी सांगतत, पुढच्या भरतीक बघूया.
माका आत्ताचा तोंड व्हया.

मिठमुंबरीला गेलो. ओहोटी.
पुळण ओली, पत्र्यासारखी,
तिच्यावर कुर्ल्यांनी उपसून टाकलेल्या वाळूच्या गोळ्या,
लाखभर असतील, एकही दुसरीला चिकटलेली नाही.
पलीकडे डोंगरावर पवनचक्क्या.
एक फिरत होती.

सवयीने म्हणालो, सूर्य मागे घेऊ.
म्हणाली, माका लगीन नाय करूचा.

चाळीस फोटो वाया गेले.
दुःखी दिसत होती,
म्हणजे मोबाइलमध्ये मुली दिसतात तशी:
लांब पाण्याकडे बघत, बट कानामागे.
स्क्रीनवर तिनंही पाहिलं.
ह्या कोण, म्हणाली. आणि बूट काढून धावायलाच लागली.

रापणीच्या होडीपासून खाडीच्या तोंडापर्यंत.
मी मागे, चपला हातात,
कॅमेऱ्याचा पट्टा दातांत.
ती परत फिरली तेव्हा मी अर्ध्यावरही नव्हतो.
माझ्यासमोर येऊन थांबली, हात गुडघ्यांवर,
आणि मान वर केली.

राग नव्हता तो. रडू म्हणावं तर तेही नाही.
पेजेच्या टोपावरचं झाकण
जरासं उचलतं, खडखडतं, परत बसतं,
तसं काहीतरी तिच्या कपाळाखाली चाललेलं.
ओठांत केस, नाकाखाली ओलं,
गळ्याची शीर उडतेय.
एकच फोटो मिळाला.
समुद्र तिरका आलाय, फोकस डोळ्यांवर न बसता
कानावर बसलाय.
कान मात्र स्पष्ट दिसतो.

तळहाताची सावली करून तिनं तो मोठा करून पाहिला,
पुन्हा पाहिला. हां, म्हणाली. ह्या मी.
आणि कॅमेरा ओढून घेतला. आता तुझो.

मी उभा राहिलो.
हनुवटी आपोआप खाली, खांदे सरळ,
केस मागे सारून कान मोकळे केले.
मेल्या, म्हणाली, खंयच्या फॉर्मार चिकटतलंस तू?

बावीस वर्षांचा मी.
तालुक्यातली निम्मी तोंडं माझ्या कॉम्प्युटरवर आहेत,
नावानिशी, फोल्डर करून.
माझं कुठलं, ते त्या क्षणी आठवेना.

मग पाणी चढायला लागलं.
आधी गोळ्या गेल्या, मग पावलं;
तिची पंजाकडे खोल, माझी सगळीकडे सारखी.
बूट शोधायला अर्धा तास गेला.
डावा सुरूच्या बनात, कुत्र्यानं नेलेला.

तिचा फोटो पाकिटात घालून ठेवलाय, नाव लिहून.
न्यायला आलेली नाही.
मधे एकदा दिसली, पहाटेच्या गाडीला, पाठीवर बॅग.
हात केला तिनं. फोटोचं विचारलं नाही.

माझा हललेला आलाय.
चेहऱ्याच्या जागी नुसता एक ओला पट्टा,
कुणाचाही असू शकेल.
ती हसत होती, म्हणून हलला.
कार्ड भरलं की मी जुनं सगळं पुसतो,
तो सोडून.