मिनिटाला किती फेऱ्या

चौतीस वर्षं प्रयोगशाळेत बरण्या पुसल्या,
बेडकांवरचं फॉर्मॅलिन बदललं.
हलणारं जे काही पाहिलं
ते सूक्ष्मदर्शकातून, पोरांची पाळी संपल्यावर.

म्हणून निवृत्त झाल्यावर जळगावहून हा मासा आणला,
फैजपूरच्या एसटीत, मांडीवर पाण्याची पिशवी धरून.
याचं तिकीट? कंडक्टर हसला.
अर्धं, मी म्हटलं.
तेव्हा तो बोटाच्या पेराएवढा होता.
निहारने रंगावरून नाव ठेवलं, भोपळ्या.

दोन फुटांची काच.
या टोकाहून त्या टोकाला गेला की एक फेरी.
स्टॉपवॉच कॉलेजचं. आणलेलं नाही,
निरोप समारंभाच्या दिवशी खिशात राहून गेलेलं.
पहिलं वाचन एकोणीस, दुसरं एकवीस,
तिसऱ्याला तो वळला कधी तेच कळेना.
फिरके सर म्हणायचे,
एक वाचन म्हणजे अफवा, दोन म्हणजे भांडण,
तीन घ्या आणि सरासरी काढा.
आणि अर्धं लिहायचं नाही,
फेरी एकतर झाली, नाहीतर नाही.

दुसऱ्या वर्षी डिसेंबरात
बामणोदच्या वांग्यांचं भरीत घरोघर चाललेलं,
पारा सातावर,
आणि हा तळाच्या खड्यांवर पोट टेकून.
फेऱ्या दोन.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: वय.
फेब्रुवारी संपता संपता पुन्हा सतरा.
वय खोडून लिहिलं: थंडी.
खोडलेलं अजून वाचता येतं.

मे महिन्यात वेगळंच.
दुपारी वीज गेली, पंप थांबला,
बुडबुडे थांबले,
तो तोंड वर काढून हवा गिळायला लागला,
खाली जायचा, परत वर.
वरखालीचा रकाना मी आखलाच नव्हता.
पुष्पाने बर्फाची बाटली पाण्यात सोडली,
एका हाताने स्वतःला पदराचा वारा घेत.
"मोजू काय राह्यले? मराले टेकला तो!"
त्या दिवसाचं पान कोरं आहे.
कोपऱ्यात फक्त ओला अंगठा.

पाचव्या वर्षी चौदा.
सहाव्या वर्षी अकरा.
आता हिवाळ्यात टाकीवर बल्ब, उन्हाळ्यात कूलर त्याच्याच खोलीत,
त्यामुळे थंडीवर ढकलता येत नाही काही.
रंग उतरला. भोपळ्याचा कोहळा झाला.
दाणे टाकले की पूर्वी काचेला धडकायचा,
आता दाणे बुडून खाली येईपर्यंत वाट बघतो,
एखादा नाकासमोरून गेला तर जाऊ देतो.
निहार पुण्याहून विचारतो, आहे ना अजून?
मी आकडा सांगतो.
त्याला आकडा नको असतो.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी पाटापर्यंत जात नाही.
केळीच्या वजनकाट्यापाशी ट्रक उभे असतात,
घडांवर ओली पानं पसरून,
तिथे दोन मिनिटं टेकतो आणि वळतो.
पुष्पा दारातूनच घड्याळ बघते.
ती काही लिहून ठेवत नाही,
किंवा ठेवत असेल तर मला दाखवत नाही.

आज सकाळी तो डाव्या काचेपासून निघाला,
मधल्या प्लास्टिकच्या झाडापर्यंत आला,
थांबला.
कल्ले हलत होते.
मग सावकाश, शेपटीचा वळसा घेऊन,
जिथून निघाला तिथेच गेला.
तिन्ही वेळा असंच.

जाणं अर्धं आणि येणं अर्धं,
अंतर मोजलं तर पुरे दोन फूट भरतात.
पण त्या टोकाला तर तो गेलाच नाही.
ही एक धरायची, की शून्य?
फिरके सर असते तर विचारलं असतं.

पेन उघडं धरून बसलोय.
पुष्पा आतून विचारते, भाकरी किती टाकू?
मी म्हणतो, दीड.