कालिंदे, ह्या शुक्रवारी

कालिंदे, ह्या शुक्रवारी बाजार उठला की
मिरच्यांची पाटी आवेलिनाच्या दुकानात ठेव
आणि सहाच्या खेळाला जा.
म्हापशातलं जुनं थिएटर, पंखे करकरतात तेच.
घरी सांग, बस चुकली.
नाहीतरी चुकतेच.

सिनेमा फार ग्रेट आहे असं नाही.
रक्त तर सोलकढीसारखं, पातळ, गुलाबी.
मध्यंतराआधी एक गाणं उगीच,
आणि सासऱ्याची मिशी
एका प्रसंगात वर, दुसऱ्यात खाली.
मी हसले.
पुढे नाही हसले.

एक घर आहे. तीन सुना त्या घरात आल्या,
तीन गेल्या. चौथी आणलीय.
रात्री रगड्याचा आवाज येतो,
घरर्र, मग गप्प, मग घरर्र.
मागच्या रांगेतले पोरगे शिट्ट्या मारत होते,
आली गो आली, आळवंतीण!
ही उठते. दिवा न लावता जाते.
रगड्याशी ती बसलेली, केस मोकळे,
खोबरं वाटतेय, कुणाच्या जेवणाचं कोण जाणे.
मला वाटलं, आता ही किंचाळणार.
तुलाही वाटेल.
ही समोर बसते.
आणि भूत, कालिंदे, ते भूत
जरा सरकून हिला जागा देतं.
ती दगड फिरवते, ही बोटांनी खोबरं आत सारते.
कितीतरी वेळ एवढंच.

शिट्ट्या तिथे थांबल्या.
का थांबल्या ते मला नीट सांगता येत नाही,
म्हणून तर तुला जा म्हणतेय.

आपला राखणदार बघ.
तोही रात्रीचाच फिरतो, काठी आपटत.
त्याला रोट, त्याला विडी, फेणीचा पेला,
चालून चालून झिजतात म्हणून नव्या वहाणा.
रात्री फिरणारा बाप्या गाव राखतो,
रात्री फिरणारी बाई गाव खाते.
तिचे म्हणे पाय उलटे.
वहाणा कोण देणार?

एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल.
सत्यवती मावशीला नेलं तेव्हा मी सात वर्षांची.
तू दोन दिवसांची,
कापसाच्या बोळ्यानं दूध चोखत होतीस.
आजोबा मसणातून परतताना
वाटभर मोहरी उधळत आले,
थेट उंबऱ्यापर्यंत.
कशाला, मी विचारलं.
म्हणाले, ती यायला निघाली
तर दाणान् दाणा वेचत येईल,
वेचेपर्यंत उजाडेल.

मेल्यावरसुद्धा
निवडायला दिलं गो तिला.
आणि ती येणार होती कुणाकडे?
कुणाला खायला नव्हे.
पान्हा फुटून दोनच दिवस झालेले.

शेवट सांगत नाही.
एवढंच सांगते, त्या घरातली भीती
शेवटी ज्याची त्याच्या दारात परत जाते,
उसनी आणलेली पायली परत करावी तशी,
शिगोशीग भरून.

आवेलिना अर्धा सिनेमा कुरूस करत बसली,
उरलेला अर्धा चणे खात.
बाहेर आल्यावर म्हणाली,
माझ्या घोवाला दाखवूया?
मग स्वतःच म्हणाली, नको. घोरेल.
स्टँडवर दिवे गेलेले होते.
आम्ही दोघी त्या काळोखातून
चालत गेलो, सावकाश,
कुणी बघितलं असतं
तर पायांकडे बघितलं असतं.

घरी डाळीला फोडणी दिली.
मोहरी तडतडली, एक दाणा उडून
चुलीखाली कुठेतरी गेला.
रोज वाकते मी.
काल नाही वाकले.
दाराची कडीही
लावायची राहिली.