दोन गाण्यांच्या मधे

तंबू तुझ्या साहेबाच्या मुलाचा, सोमवारी परत द्यायचा,
म्हणून खाली मी आपली जुनी ताडपत्री अंथरली.
हिप्परग्याच्या तलावाशी, रस्त्यापासून लांब,
जिथं बाभळीखाली एक होडी पालथी पडलेली.
डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, घट्ट दही,
आणि एक वाक्य,
अशोक चौकापासून गालात धरून आणलेलं
सुपारीसारखं.

घरी कुठं बोलणार?
भिंतीपलीकडं बुरांचे चोवीस माग,
अलीकडं तुझी आई, जपमाळेवर बोट
आणि कान आपल्या दाराला.
म्हटलं, इथं तरी शांत असेल.

दिवस बुडला तसा टेम्पो आला.
सात-आठ पोरं, मटणाचं पातेलं,
जनरेटर, आणि कपाटाएवढा स्पीकर.
आपल्यापासून वीस पावलांवर.
"एवढा मोठा तलाव," तू पुटपुटलास,
"आणि यांना हीच जागा."

कुणा आप्प्याचा वाढदिवस होता.
तू दोनदा जाऊन आलास.
पहिल्यांदा ते म्हणाले, "हो सर, कमी करतो की."
दुसऱ्यांदा त्यांनी तुला केक भरवला.
मिशीला क्रीम लावून परतलास,
आणि मला धड राग येईना, धड हसू.

दहा. साडेदहा.
ठोक्यागणिक तंबूचं कापड
धाप लागल्यासारखं आतबाहेर होत होतं.
मी म्हणाले, ऐक.
तू म्हणालास, काय?
मी म्हणाले, ऐक ना, व्यंकटेश.
तू कानाला हात लावलास.
मग सगळा जीव घशात आणून मी ओरडले,
आणि नेमकं तेव्हाच
गाणं संपलं.

"मला नाही जायचं आता त्या दवाखान्यात!
चार वेळा झालं, बास!
मूल नसलं तर नसलं!"

वाक्य पाण्यावरून गेलं,
पलीकडच्या काठाला लागलं,
जरासं मोडून परत आलं:
नसलं, नसलं.
पोरांचे ग्लास हातातच राहिले.
पुढचं गाणं कुणी लावेना.

लाजेनं मी भाकरी मोडली.
केवढा आवाज झाला त्या भाकरीचा!
मग कुणीतरी दबक्या सुरात म्हणालं,
"बंदच ठेव बे. वहिनी रडतायत."
मी रडत नव्हते.
पण आठ अनोळखी पोरं
माझ्या पोटाभोवती अशी गप्प उभी राहिल्यावर
न रडणंही अवघड झालं.

तेव्हा तू तंबूतून अर्धा बाहेर वाकलास:
"लावा बे! लावा की! थांबलात कशाला?
मोठ्यानं लावा!"

त्यांनी लावलं.

माझी आई बावीस वर्षं मागावर होती.
त्या खडखडाटात बायका एकमेकींचे ओठ वाचायच्या,
कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा हप्ता थकला,
जेवायच्या सुट्टीची वाट न बघता.
मी डबा घेऊन जायचे, तिथं उभ्या उभ्या शिकले.
तू बॅटरी हनुवटीखाली धरलीस,
भुतासारखा दिसत होतास, क्रीम अजून तसंच,
आणि बोललास. बराच वेळ.
मी एकही शब्द ऐकला नाही.
एकही सुटला नाही.

पहाटे गार पडलं होतं.
पोरं टेम्पोत एकमेकांच्या अंगावर,
गुडघे पोटाशी घेऊन झोपलेली,
आणि त्यांच्याकडची एकुलती एक चादर, मोरांची,
दव लागू नये म्हणून
स्पीकरवर घातलेली,
चारी बाजूंनी नीट खोचून.

तू तंबूची चेन दात दात करत ओढलीस.
मी डबा पदरात गुंडाळला, वाजू नये म्हणून.
गाडी रस्त्यापर्यंत ढकलतच नेली आपण.