तांबडा दिवा

वेंगुर्ल्यात बंदराच्या उतारावर
डुक्कर फियाट बसली ती बसलीच.
चार दिवस डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा
डोळा मारत होता,
मी काणाडोळा करत होते.

हेडलाइट लावले की टेपमधला दशावतारी राजा
जड जिभेने बोलायचा,
ॲक्सिलरेटर दाबला
की त्याच्यामागे एक डास आवाज चढवायचा.

इनास दांतसने बॉनेट उघडलं.
म्हटलं, बॅटरी बदल,
डिकीत नवी आहे, पावतीसकट.
आणि टेपही काढून टाक.
तो काही बोलला नाही.
मीटरच्या पिना टेकवल्या.
बारा.
"रेस दी गो."
बाराच.

डायनॅमोकडे चौदा, बॅटरीकडे बारा.
मधे कटआउट,
पगार उचलून घरी न पोचणाऱ्या माणसासारखा.
त्याचे पॉइंट पॉलिशपेपरने घासून घासून
इनास खाली वाकला,
बॅटरीपासून बॉडीला जाणारी पट्टी
बोटाने नुसती ढकलली.
हातातच आली.
देवघरात विसरलेल्या पळीसारखी हिरवी.

"हिचो अर्थच लागणा नाय," म्हणाला.
"खारो वारो."

मी उगाच माझा पदर झटकला.

नवी पट्टी, दोन नट,
थोडं ग्रीस, तेही दुसऱ्याच्या डब्यातलं.
गाडी सुरू.
दिवा विझला. डास गेला.
राजा कित्येक महिन्यांनी स्वतःच्या आवाजात गरजला,
कोण आहे रे तिकडे!

इनास पाना पुसत होता.
मान वर न करता म्हणाला,
"मियां, महाराज."