धुराचा रंग

आडनाव निखारे म्हणून कोणी बॉयलरवर ठेवत नाही,
परवाना लागतो. माझा दुसऱ्या वर्गाचा,
पाण्याच्या काचेशेजारी चौकटीत टांगलेला.
बावीस वर्षांच्या काजळीनं त्या फोटोतला मी
आता माझ्या बापासारखा दिसतो.

हिंगणा एमआयडीसी, पुठ्ठ्याचा कारखाना.
उमरेडचा कोळसा, ट्रक रिकामा केला की निम्मा चुरा.
एप्रिलमध्ये पौनीकर मॅडम आल्या,
वयानं माझ्या धाकटीएवढ्या, खांद्याला यंत्र.
यंत्राची लांब नळी धुराड्याच्या पोटात घातली,
आकडा बघितला आणि म्हणाल्या,
"काका, तुम्ही हवा तापवताय."

मला राग आला. बाहेर चव्वेचाळीस डिग्री,
अंगात बनियनचं मीठ झालेलं.
नागपुरात हवा तापवायला
माणूस कशाला ठेवावा लागतो?

पण त्यांनी रेघा ओढून दाखवलं:
शंभर पोत्यांतली तीस-पस्तीस
आम्ही आभाळाला, भिंतींना, नाल्याला वाटत होतो.

मग शिकलो. म्हणजे आधी विसरलो,
भट्टीत ढीग लोटून बिडी ओढायला बसणं.
थोडं टाक, पसरून टाक, दार लगेच लाव.
चुऱ्यावर पाण्याचा हबका, कणकेला लागतो तेवढाच.
डँपर दोन खाचा खाली.
रविवारी थंड बॉयलरच्या नळ्यांत ब्रश घातला,
दीड घमेलं काजळी निघाली.
कांद्याच्या सालीएवढा थर,
तेवढ्यानं आग पाण्याला भेटत नव्हती.
वाफेचं झालेलं पाणी नाल्यात उकळत जायचं,
ते पाइपानं परत टाकीत आणलं.
टाकीला हात लावला तर चटका, आणि त्या चटक्याचा
मला का कुणास ठाऊक अभिमान वाटला.
धूर काळ्याचा राखाडी झाला, मग राखाडीची
नुसती आभाळात थरथर.
दिवसाला सहा टन लागायचे, आता पाच पुरतात.
मालकांनी पेढे वाटले. मला घड्याळ.

राखेच्या ढिगावर फुलवंता उईके यायची,
पाचची पाळी सुटली की, डोक्याला फडकं, तारेची चाळणी.
मॅडमकडेही चाळणी होती, पितळी, काठावर आकडा कोरलेली.
एकदा दोघी एकाच ढिगाशी बसल्या.
मॅडमनी फुलवंताची पाटी काट्यावर ठेवली,
वहीत लिहिलं: न जळलेलं, अकरा किलो, तोटा.
"बाई, याच्यात दोन टाइमचा सैपाक होते," फुलवंता म्हणाली.
मॅडमचं पेन थांबलं.
मग त्यांनी पुढचा आकडा लिहिला. लिहावाच लागतो.

डिसेंबरात राख पिठासारखी झाली.
तिनं चिमटीत घेतली, बोटांवर चोळली.
"मस्त केलं जी तुमी. भांडे घासाले चांगली आहे."
टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, कोळशातूनच देतो एखादी पाटी,
रात्रपाळीला कोण बघतंय.
ती हसली. "राखेतलं उचललं त वेचलं म्हनतात,
ढिगातलं उचललं त चोरलं.
तुमाले घड्याळ भेटलं न भाऊ, घालत जा."

घड्याळ पेटीत आहे. भट्टीजवळ काच तडकते.

हल्ली सकाळी थंडीत ती रस्त्यानं जाताना दिसते,
मान वर, एकेक धुराडं बघत.
तेलाची गिरणी, मग रंगाचा कारखाना, मग बिस्किटवाला.
जिथं काळा दाट लोट, तिथं फाटकातून आत वळते.
जो धूर वाचायला मला बावीस वर्षं आणि एक पोरगी लागली,
तो तिला आधीपासून येत होता,
दुसऱ्या बाजूनं.

आमच्या धुराड्यावर काही दिसत नाही.
ती थांबत नाही.