टाचणीची भोकं माफ

टाचणीचं भोक चालतं. खिळ्याचं नाही.
कॅलेंडर लावलंत तर तो संसार,
शेल्फ ठोकलंत तर ते नुकसान.
हा फरक मी ठरवलेला नाही, मोरिवाकीसान,
मी फक्त टॉर्च घेऊन येतो.

ओतारू, मार्चअखेर. रस्त्याच्या कडेला
काळा पडलेला बर्फ. आत रिकामी खोली
आणि आपण दोघं मोजे घालून उभे,
कुणाच्या दहाव्याला आल्यासारखे अवघडून.

फ्रिजमागच्या भिंतीवर धगीची काळी सावली:
घरमालकाकडे.
खिडकीजवळ विटलेली ततामीची गवती चटई:
घरमालकाकडे. ऊन काही भाडेकरूनं आणलेलं नसतं.
न्हाणीच्या उंबऱ्याचा रंग मधोमध उडालेला:
पाय जिथे पडायचे तिथेच पडले. झीज.
इस्पितळाचे उंबरे झिजवलेत ते वेगळे,
त्यांना माझ्या फॉर्मवर जागा नाही.

दारावर ओरखडे.
"मांजर नव्हतं आमच्याकडे," म्हणालात.
मग जरा वेळानं, "होतं. दोन वर्षं. अझुकी."
मी लिहिलं: भाडेकरू, दार एक.

खिडकीखाली बुरशी.
इथे थंडीत काचेला रोज घाम फुटतो,
रोज सकाळी फडक्यानं टिपावा लागतो,
नाही टिपला तर ओल भिंतीत उतरते
आणि नियम म्हणतो: हयगय.
"ते काम तिचं होतं."
सबब म्हणून नाही सांगितलंत,
गॅसचा कॉक कुठे आहे ते सांगावं तसं.
मी तारीख विचारली नाही.
बुरशीच्या वयावरून कळतं. दोन हिवाळे.

आतल्या खोलीत ततामीवर चार खड्डे.
मी गुडघ्यावर बसून एकात बोट घातलं,
पेरभर आत गेलं.
कपाट होतं का?
"पलंग. भाड्याचा, वरखाली होणारा.
वजन त्याचंच फार. तिचं नव्हतं."
मी म्हणालो, काळजी नको,
जड वस्तूंचे वण नियमात बसतात,
ही नेहमीची झीज, हिचे पैसे पडत नाहीत.

तेव्हा तुम्ही रागावलात.
"नेहमीची?"

बावीस वर्षं हे काम करतोय.
लोक सिगारेटच्या डागावर पायपुसणं सरकवतात,
भोकं टूथपेस्टनं बुजवतात,
तडकलेल्या काचेचं खापर वाऱ्यावर फोडतात,
झीज म्हणा, झीजच म्हणा, म्हणून कमरेत वाकतात.
झीज म्हणू नका म्हणणारे तुम्ही पहिले.
"लिहा, हे मी केलं. तो पलंग
मी ठेवला इथे. मी सही केली."

लिहिता येत नव्हतं. रकाने दोनच.

मग मी तोंडपाठ आहे ते बोलत सुटलो:
भिंतीचा कागद सहा वर्षांत किंमत हरवतो,
तुम्ही राहिलात अकरा, म्हणजे बुरशी जरी तुमची
तरी कागदाचा आता एक येन,
मजुरी अर्थात वेगळी, ती अनामतीतून…
तुम्ही ऐकत नव्हतात. खिसा चाचपत होतात.

ते नाणं ॲल्युमिनियमचं असतं,
इतकं हलकं की तळहाताला
आल्याचं कळतही नाही.
माझ्या फायलीवर ठेवलंत. कागदासाठी नाही,
हे मला कळलं, तुम्ही न सांगता.

एवढ्याची पावती आमच्याकडे नसते.
कोऱ्या पानाखाली कार्बन घालून हातानं लिहिली.
"कशाबद्दल" या शब्दापाशी
माझं पेन थांबलं. तुम्ही पाहत होतात.
लिहिलं: आतली खोली, चार.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंचा फोन,
हिशेबात एक येन जास्त येतोय,
आणि हे चार म्हणजे चार काय?
मी खिडकीशी उभा होतो.
ततामी तोवर टेम्पोत चढली होती.