बर्फाची पेटी

प्रयोगशाळेतल्या मुलीनं
कुपीत भरलं चिमूटभर शेण,
वर लिहिलं: सुर्ल्याचा सडा, गाय क्रमांक सात.

"सात न्हवं, चांदी," बमो वरक म्हणाला,
आणि काठीनं पो उकलला.
"ही काल कोंड्याच्या रानात शिरलेली.
हे बघ पान, न पचलेलं.
नवा चारा खाल्ला की दोन दिवस पातळ,
मग आतली माणसं शिकतात."

आतली माणसं.
तिनं वहीत तसंच लिहिलं.

चांदी जांभ्यावर बसून
काल चढलेला डोंगर पुन्हा तोंडात आणत होती,
कानावर माशी, डोळे अर्धे मिटलेले.

गाडी निघण्याआधी
त्यानं बर्फाच्या पेटीवर हात ठेवला,
उचलला,
परत ठेवला.
"वाळपईपर्यंत," त्यानं विचारलं,
"थंडी न्हाई ना वाजायची त्यांना?"